नवरां पडो त्यारे

माझा प्रबंध एका सहीवाचून अडलेला आहे. सही माझ्या गाईडसरांची. ते म्हणतात, बाराव्या प्रश्नाची जुनी उत्तरं काढून टाक, उद्या ये आणि सही घेऊन जा. मी म्हणते, काढणार नाही. विद्यापीठाने वाढवून दिलेली मुदत संपत आली आहे. ती संपली की नोंदणी रद्द होईल आणि इतक्या वर्षांचं काम रद्दीत जाईल. हे मला कळत नाही असं नाही. विभागातल्या शिपायापासून माझ्या थोरल्या भावापर्यंत सगळ्यांचं मला समजावून झालं आहे. जो तो विचारतो, एका प्रश्नासाठी एवढं? तोंडी सांगायला गेले की मला राग येतो आणि वाक्य अर्धंच राहतं. म्हणून लिहून टाकते.

आम्ही खानदेशातले. बाबा तरुणपणी सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला आले आणि आम्ही भावंडं पर्वत पाटियाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये वाढलो. घरात अहिराणी, पालिकेच्या शाळेत मराठी, आणि तिथल्या इयत्ता संपल्या की पुढे गुजराती शाळा. त्या गुजराती शाळेतल्या पहिल्याच आठवड्यात मी गणित संपवून खिडकीबाहेर बघत बसले होते. बाई आल्या आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "केम नवरी बेठी छे?" गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, काम नसलेली. मला कुठे ठाऊक? मी घरी जाऊन रडले की बाईंनी मला सगळ्यांदेखत नवरी म्हटलं. दुसऱ्या दिवशी आई पदर खोचून शाळेत हजर. "मनी पोरले नवरी काबरं म्हनतस तुम्ही?" बाईंना अहिराणी येत नव्हती. त्यांना एवढंच कळलं की ही माउली पोरगी घरी रिकामी बसते म्हणून तक्रार घेऊन आली आहे. आई तावातावाने भांडून घरी परतली आणि मला महिनाभर जास्तीचा गृहपाठ मिळाला.

सुरतेतल्या प्रत्येक मराठी घरात असा एखादा किस्सा आहेच. लग्नात, बारशात तो सांगितला जातो आणि लोक पोट धरून हसतात. मलाही हसू यायचं, प्रबंधाला लागेपर्यंत.

माझा विषय बायकांची फुरसत. सामाजिक शास्त्रांत हल्ली फुरसतीला भाव आहे. शहरातल्या कष्टकरी बायकांना मोकळा वेळ मिळतो का, मिळाला तर त्या त्याचं काय करतात, असा विभागाचा मोठा प्रकल्प होता आणि माझा प्रबंध त्याच्या पोटात होता. प्रश्नावली करायला समिती बसली. समाजशास्त्र होतंच, शिवाय इतिहासवाले, अर्थशास्त्रवाले, मानसशास्त्रवाले आणि एक साहित्यवाले. सगळ्या विद्याशाखा एकत्र आल्या की काहीतरी थोर घडतं असं सांगतात. आमच्याकडे खमण संपलं आणि प्रश्न वाढले. प्रत्येकाने आपापला एक प्रश्न आत घुसवला. अर्थशास्त्रवाल्यांना रोजगार हवा होता, मानसशास्त्रवाल्यांना समाधान. बारावा प्रश्न साहित्यवाल्या सरांनी लिहिला. त्यांचं म्हणणं, भाषा बोलीतली हवी, बाईला घरातल्यासारखं वाटलं पाहिजे. प्रश्न असा: "बपोरे तमे नवरां पडो त्यारे शुं करो छो?" म्हणजे दुपारी तुम्ही मोकळ्या होता तेव्हा काय करता.

मी तिथेच हात वर केला. म्हटलं, सर, आमच्या गल्लीत हा शब्द चालणार नाही. आमच्यात नवरा म्हणजे नवरा. ही बाई ऐकेल की नवरा पडतो तेव्हा तुम्ही काय करता. टेबलाभोवती हशा पिकला. एकजण म्हणाले, "सुरतमां रहे छे तो गुजराती तो आवडे ज ने!" सुरतेत राहतात तर गुजराती येणारच, असं त्यांचं म्हणणं. दुसरे म्हणाले, अनुस्वार आहे ना वर, उच्चार नीट करा. मी म्हटलं, आमच्या बायका अनुस्वार ऐकत नाहीत, साड्यांचे धागे कापायच्या कात्र्या वाजत असतात. पुन्हा हशा. तापीपलीकडच्या सोसायट्यांमध्ये प्रश्नावली तपासून झाली आहे, तिथे कुणालाच अडचण आली नाही, असं सांगून त्यांनी विषय मिटवला. तिथे अडचण कशी येणार? तिथल्या बायका गुजरातीच होत्या. वर नियम घातला की प्रश्न आहे तसाच वाचायचा, एक शब्द बदलायचा नाही, समजावून सांगायचं नाही, नाहीतर सगळ्या शहराची तुलना बिघडेल. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पहिली मुलाखत आमच्याच गल्लीतल्या मावशीची. ती आईची मैत्रीण, मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. साड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन ती धागा कटिंग करत बसली होती. भरतकामाच्या साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत राहतात, ते कापायचे. आमच्या भागातल्या अर्ध्याअधिक बायका हेच करतात. अकरा प्रश्न सुरळीत झाले. बारावा मी अगदी समितीला हवा तसा, अनुस्वारावर जोर देऊन वाचला. मावशीची कात्री थांबली.

"काय वं पोरी, युनिव्हर्सिटीले आते हाई बी जोयजे का?"

मी तोच प्रश्न पुन्हा वाचला. समजावून सांगायचं नव्हतं ना. मग तिने सरळ उत्तर दिलं. "दुपारले कोठे पडस तो? दुपारले कामवर ऱ्हास. सांजलेच पडस. मंग हात धरीसन घरमा आनस, तोंडवर पानी मारस. नही ऐकना ते ओटावरच झोपू देस."

गुजरातेत दारूबंदी आहे. आमच्या गल्लीत हे वाक्य विनोद म्हणून सांगतात. आमच्याकडे कुणी प्यायला आहे असं म्हणत नाहीत, पडला आहे म्हणतात. संध्याकाळी एखाद्या ओट्याशी चपला उलट्यापालट्या दिसल्या की पोरंसुद्धा सांगतात, आज काका पडले. बाईच्या तोंडी या एका शब्दात सगळं येतं, कुणाला जास्तीचं सांगावं लागत नाही.

मग घरोघरी तेच झालं. विदर्भातली एकजण म्हणाली, "पडला त पडू देतो न माय. उचललं का शिव्या देते तो." एकीने आधी दार लावलं, मग सांगितलं. एकजण सांगता सांगता इतकी हसायला लागली की हसण्याचं रडणं कधी झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. आणि एकीने अभिमानाने सांगितलं, "मना नवरा आजलगून पडना नही," आणि त्या आनंदात मला चहा पाजला. आधीच्या अकरा प्रश्नांना हो, नाही, माहीत नाही अशी उत्तरं मिळत होती. बाराव्याला बायका बोलत होत्या. माझ्या उभ्या आयुष्यात या गल्ल्यांतल्या बायकांना मी हे बोलताना ऐकलं नव्हतं. त्या बोलत नसत असं नाही, त्यांना कुणी विचारत नसे.

शेवटी शेवटी मी परभणीकडच्या एका बाईकडे गेले. माझ्याहून थोडी मोठी असेल. एका खोलीत दोन मुलींना घेऊन राहते आणि साड्यांना लेस लावण्याचं काम करते. मी तिला ताई म्हणते, ती मलाही ताईच म्हणते. तिचा नवरा बांधकामावर होता आणि तिथेच पडून वारला, हे मला आधी माहीत नव्हतं. माहीत असतं तर बारावा प्रश्न गिळला असता, नियम गेला खड्ड्यात. पण मी वाचला. तिने हातातली लेस खाली ठेवली.

"पडला तवा म्या गावाकडं व्हते. फोन आला. येईपत्तोर सगळं उरकलं व्हतं."

मी म्हटलं, ताई, राहू द्या. तिने मान हलवली. म्हणाली, "न्हाई न्हाई. ह्ये इचारायला पयल्यांदाच कुनी आलं." तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मग विचारलं, "लिव्हलं का?" मी म्हटलं, लिहिलं. तिने पुन्हा लेस उचलली.

हे सगळं घेऊन मी विभागात आले. मला वाटलं होतं, आता तरी समितीला कळेल. कळलं ते असं की बाराव्या प्रश्नाची आमच्या भागातली उत्तरं सॉफ्टवेअरमध्ये बसत नाहीत. टीव्ही, झोप, शेजारपाजार, देवदर्शन, मोबाइल असे खाने, म्हणजे रकाने, केलेले होते. नवऱ्याला खाना नव्हता. माहिती भरणाऱ्या मुलीने बिचारीने नियमाप्रमाणे सगळ्यांपुढे "असंबद्ध उत्तर" असं टाकलं. त्या असंबद्ध उत्तरांवरून अहवालाच्या मसुद्यात एक वाक्य तयार झालं. स्थलांतरित मराठी स्त्रियांमध्ये फुरसतीची कल्पना पुरेशी विकसित झालेली दिसत नाही. ते वाक्य वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आमच्या बायका अडाणी ठरल्या, आणि ज्यांनी प्रश्न केला ते विद्वान राहिले.

मी मसुदा घेऊन गाईडसरांच्या खोलीत गेले. सर वाईट माणूस नाहीत, हीच तर पंचाईत आहे. त्यांनी मला स्वतःची पुस्तकं वापरायला दिली, माझ्या शिष्यवृत्तीसाठी वरपर्यंत चकरा मारल्या. आमच्या गल्लीतल्या मुलीने पीएचडी करावी असं माझ्याआधी त्यांनाच वाटलं होतं. ते माझ्याशी अर्धं हिंदी, अर्धं गुजराती बोलतात. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, प्रश्न फुरसतीचा, उत्तर नवऱ्याचं, तू तुलना कशाशी करणार? चूक झाली हे मान्य. चूक काढून टाकायची असते.

मी म्हटलं, "सर, प्रश्न चुकला. उत्तरं चुकलेली नाहीत."

"बेटा, चुकलेल्या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतं."

"या बायकांना तुम्ही कुठला प्रश्न विचारला असता म्हणजे त्यांनी हे सांगितलं असतं?"

सरांनी उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "दारूबंधीवाळुं राज्य छे. आ बधुं रिपोर्टमां न लखाय, बेटा." हे अहवालात का लिहायचं नाही, प्रकल्पाला मंजुरी कुठून येते, अहवाल कुणाच्या टेबलावर जातो, हे त्यांनी बोटांवर मोजत मला समजावलं. मला सगळं समजत होतं. समजत होतं म्हणून जास्त चीड येत होती. घरी येऊन मी आईवर ओरडले. तिचा काही संबंध नव्हता.

शेवटी सरांनी मार्ग काढला. शब्द बदलू, नवरांच्या जागी फुरसद घालू, तू त्याच बायकांना पुन्हा विचार, नवीन उत्तरं घे, जुनी काढून टाक. मुदतीत बसतं. मी एक दिवस रुसून बसले आणि मग गेले. भांडण करायला अंगात जीव लागतो आणि माझा संपला होता.

मावशी तिथेच, त्याच ढिगापुढे. मी नवा प्रश्न वाचला, दुपारी फुरसद असते तेव्हा काय करता. तिने आधी ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुनासंगे बोली ऱ्हायनू, तीच फुरसद." ते कुठल्या खान्यात टाकायचं? मी शेजारपाजारात टाकलं. चहा पाजणारीने सांगितलं, टीव्ही. विदर्भातली म्हणाली, झोप, आणि जांभई दिली. दार लावून बोललेलीने या वेळी दार उघडंच ठेवलं आणि मोबाइल म्हणून मोकळी झाली. प्रत्येकीचं उत्तर एका शब्दात संपत होतं आणि लगेच कात्री चालू होत होती. एकेक खाना भरत गेला. विभागातून सरांचा निरोप आला, सरस. कागद बरोबर होते, प्रश्न बरोबर होता, आणि मला ते सगळं टराटरा फाडावंसं वाटत होतं.

परभणीच्या ताईकडे मी सगळ्यात शेवटी गेले. मुद्दामच टाळत होते. दुपारची वेळ, मुली शाळेत. तिने मला बघून बसायला गोणपाट टाकलं, पाणी दिलं.

"पुन्हा काय इचारायचं राहिलं?"

मी कागद काढला आणि वाचलं. दुपारी फुरसद असते तेव्हा तुम्ही काय करता?

"ह्यो न्हाई. मागला इचार."

"मागला चुकून विचारला होता, ताई. गुजराती शब्द होता, त्याचा अर्थ वेगळा निघाला."

"चुकून?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मंग म्या सांगितलेलं खोडलं का?"

अजून खोडलं नव्हतं. जुने कागद माझ्या पिशवीतच होते, सरांना नेऊन द्यायचे होते. मी म्हटलं, नाही. तोपर्यंत ते खरं होतं.

"मंग तोच इचार. त्या दिशी म्या अर्धंच सांगितलं."

मी हातातला कागद पालथा घातला. तिला साध्या मराठीत विचारलं, "नवरा पडला तेव्हा तुम्ही काय केलं?"

"फोन ठिवून दिला," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. ती लेस बोटाला गुंडाळत, सोडत सांगत राहिली. भावाच्या पोराचं बारसं होतं म्हणून ती मुलींना घेऊन परभणीकडे गेली होती. नवरा अधूनमधून प्यायचा. संध्याकाळी मुकादमाचा फोन आला. मुकादमही आपल्याकडचाच, मराठीच बोलणारा. मागे गाणी चालू होती, पोरं ओरडत होती. "त्यो म्हनला, तुजा नवरा पडला. एवढंच म्हनला. म्या म्हनलं, पडू द्या, उठंल सकाळी. आन् ठिवून दिला. पुन्हा वाजला. म्या उचलला न्हाई. पाव्हण्यात लाज वाटली."

बाहेर एक टेम्पो मागे घेत होते, त्याची पिपाणी वाजत होती. मला समितीचं टेबल आठवलं, अनुस्वार आठवला, सगळ्यांचा हशा आठवला, आणि माझा स्वतःचासुद्धा, लग्नाबारशातला.

"सकाळी भावाच्या फोनवर आला, तवा कळलं," ती म्हणाली. "लिव्हलं का?"

मी लिहिलं. तिने वाचून दाखवायला सांगितलं. मी जुना कागद पिशवीतून काढला आणि आधीचं उत्तर आणि आताचं उत्तर सलग वाचायला लागले. नवरा पडला तेव्हा मी गावाकडे होते. इथपर्यंत आले आणि तिने माझा हात धरला.

"नुसतं पडला लिव्हू नको, ताई. वरून पडला, असं लिव्ह. न्हाईतर वाचनारा बी माझ्यावानीच समजंल. त्या दिशी प्याला नव्हता त्यो."

मी खूण करून दोन शब्दांच्या मध्ये, वरच्या बाजूला "वरून" लिहिलं आणि कागद तिला दाखवला. तिला वाचता येतं. तिने तेवढा शब्द बोटाने धरून वाचला आणि कागद परत दिला.